जुन्याच पाण्यात धुतलेल्या पेशी

वन्सं म्हणायला मी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सुरुवात केली, आणि ती चिडवायला. नवऱ्याची थोरली बहीण, लग्न न केलेली, आमच्याबरोबरच राहणार आणि दिवसभर कुठल्याशा प्रयोगशाळेत असणार. मला वाटलं, ही बाई आता उठता-बसता मला अक्कल शिकवणार. म्हणून मीच आधी ठसक्यात विचारलं, "वन्सं, चहा घेणार?" हल्ली नणंदेला वन्सं कुणी म्हणत नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "घेते. पण कप मी धुणार, तुला धुता येत नाही." त्याला तेवीस वर्षं झाली. मी अजून त्यांना वन्संच म्हणते आणि मला अजून कप धुता येत नाही.

धुण्याचं आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलेलं आहे. ही दोघं भावंडं ज्या घरात वाढली तिथे नळाला दिवसातून एक तास पाणी यायचं. माझा नवरा ते कधीच विसरला, आता शॉवरखाली गाणी म्हणतो. वन्सं विसरल्या नाहीत. शेवटच्या विसळणीचं पाणी त्या टाकायच्या नाहीत. ते गाळून बादलीत ठेवायचं, आणि पुढची भांडी आधी त्यात काढायची. मी म्हणायचे, "अहो, चोवीस तास नळ आहे." त्या म्हणायच्या, "आहे म्हणून नासायचं का?" या विषयावर मी पहिल्या वर्षी तीनदा भांडले आणि नंतर नाद सोडला.

त्या टेक्निशियन होत्या. शिक्षण बेताचं, हात सोन्याचे. पाव फुगवायला यीस्ट घालतात ना, ते त्या काचेच्या फ्लास्कमध्ये वाढवायच्या आणि मायक्रोस्कोपखाली बघायच्या. सव्वीस वर्षं हेच केलं. डॉक्टरेटवाले यायचे, शिकायचे, मोठे व्हायचे, जायचे. वन्सं तिथेच. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. ते पाहुण्यांना सांगायचे की आमच्याकडचे सगळ्यात चांगले डोळे या बाईंचे आहेत. खरंच होतं ते. मी घरी शिवणकाम करते, नर्सचे, डॉक्टरांचे, प्रयोगशाळेतले पांढरे कोट. चाळिशी लागल्यावर मला सुई ओवता येईना, तेव्हा वन्सं कामावर जायच्या आधी माझ्या दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायच्या. चष्मा न लावता, उभ्या उभ्या, एकीकडे चहा पीत.

आणि मग शेजारीण. तिला सगळे डॉक्टर म्हणायचे, पण तिचं टेबल वन्संच्या टेबलाला लागून होतं, म्हणून आमच्या घरात ती शेजारीण झाली. माझी मुलगी तिला मावशी म्हणायची. वन्संपेक्षा दहा-अकरा वर्षांनी लहान. एकोणीस वर्षं त्या दोघींनी एकाच टेबलावर डबा खाल्ला, म्हणजे मीच केलेला डबा, कारण ती बाई स्वतः कधी काही आणायची नाही. दर रविवारी सकाळी ती आमच्याकडे यायची. माझ्या शिवणाच्या खोलीत मशीनच्या बाजूला एक स्टूल आहे, ते तिचं. माझ्या बाळंतपणात तिने दवाखान्यात दोन दिवस काढले होते. हे मुद्दाम सांगते, म्हणजे तुम्हाला असं वाटायला नको की ती कुणी परकी होती.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रयोगशाळेत विजेच्या तारांचं काम निघालं, म्हणून चार दिवस कुलूप होतं. परत गेल्यावर वन्संना फडताळात एक फ्लास्क सापडला, विसरलेला. आतल्या पेशींना चार दिवस नवीन काही खायला मिळालेलं नव्हतं. दुसरी कुणी असती तर मोरीत ओतून मोकळी झाली असती. वन्संचा नियम होता, टाकायचं ते आधी बघायचं. त्यांनी बघितलं. त्या दिवशी घरी आल्या त्या चपलासुद्धा न काढता माझ्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, माझ्या पेशींत दोरे आहेत."

मी कोटाला बाह्या लावत होते. म्हटलं, "दोरे माझ्याकडे कमी आहेत का?"

मग त्यांनी माझ्या डब्यातली टिचबटणं घेतली आणि मला समजावलं. पेशीत हजार कामं चालतात आणि प्रत्येक कामाला एक कामगार नेमलेला असतो, त्याला एन्झाइम म्हणतात. त्यांच्या पेशींत एका एन्झाइमला हिरवा दिवा लावून ठेवला होता, म्हणजे तो कुठे आहे ते दिसावं. तो काय करतो, तर पेशीला स्वतःची नक्कल काढायला डीएनएची जी अक्षरं लागतात, ती बनवतो. एरवी हे कामगार पेशीभर हिंडत असतात, म्हणून सगळीकडे हिरवं धुकं दिसतं. पण या उपाशी पेशींत धुकं नव्हतंच. आरपार एक सरळ हिरवी रेघ. वन्संनी एका बटणात दुसरं दाबलं, दुसऱ्यात तिसरं, असं जमेल तेवढं जोडत नेलं. "असे एकमेकांत अडकून रांगेत उभे राहिलेत. ज्या हाताने काम करायचं तोच हात शेजाऱ्याने धरलाय. त्यामुळे काम बंद. पण कुणी मेलेलं नाही, कुणी मोडलेलं नाही. वाईट दिवस आहेत, तोवर जपून ठेवलेत."

"आणि मग?"

"मग काय होतं ते अजून बघायचंय," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. चोपन्न-पंचावन्न वर्षांच्या बाईचा चेहरा शाळेतल्या पोरीसारखा झाला होता. मला त्या बटणांचं काही कळलं, काही नाही, पण मला त्यांच्यासाठी फार बरं वाटलं. इतकी वर्षं दुसऱ्यांना दाखवून दिलं, आता एकदा स्वतः काहीतरी पाहिलं होतं.

वर्षभर त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मुद्दाम उपाशी ठेवायच्या, मुद्दाम बघायच्या. दर वेळी दोरे. साहेब खूश. इतके खूश की कुठल्याशा मोठ्या सभेत जाऊन वन्संनी काढलेली दोऱ्यांची चित्रं दाखवून आले. तिथल्या लोकांनी आपापल्या ठिकाणी करून पाहिलं आणि कळवलं, आम्हाला काही दोरेबिरे दिसत नाहीत. एकाने नाही, तीन ठिकाणांहून. साहेबांचं नाक कापलं गेलं, आणि अशा वेळी मोठी माणसं करतात तेच त्यांनी केलं. हात वर केले. म्हणाले, चित्रं मी काढलेली नाहीत, बाईंनी काढली.

चौकशी समिती बसली. चित्रांत फेरफार केला का, हा प्रश्न. माझ्या वन्संनी, ज्यांनी कधी बसचं तिकीटसुद्धा चुकवलं नाही.

समिती बसायच्या तीन दिवस आधी, रविवारी, शेजारीण आली. वन्सं आत पडून होत्या, दोन दिवस नीट जेवल्या नव्हत्या. ती माझ्याजवळ स्टुलावर बसली. म्हणाली, माझा कोट जुना झालाय, नवीन शिव. मी टेप घेतला आणि तिची मापं वहीत लिहायला लागले. खांदा, छाती, बाही. बोलता बोलता तिने विचारलं, "काय गं, ही घरी अजून ती बादलीतल्या पाण्याने भांडी धुते?"

मी हसले. खूप दिवसांनी कुणी हसण्यासारखं बोललं होतं. म्हटलं, "भांडीच काय, त्या तर म्हणतात पेशींनाही मी त्यांच्याच पाण्यात धुते. वरचं जुनं पाणी गाळून घ्यायचं आणि त्यातच विसळायच्या. नवं कशाला नासायचं."

तिने हात वर धरला होता, मी बाहीचं माप घेत होते. तो हात तसाच राहिला. "हो का," ती म्हणाली. मग म्हणाली, "हिला यातलं काही विचारत बसू नकोस हं. आधीच घाबरलेली आहे. चौकशी होईपर्यंत प्रयोगाचा विषयच काढू नकोस."

मला वाटलं, किती समजून घेते. मी नाही काढला विषय.

आता वन्संची चूक सांगते, कारण होती. सव्वीस वर्षं त्या रोज वहीत लिहायच्या, किती पेशी, किती तास, किती उष्णता. धुण्यापाशी आल्या की एकच शब्द, "धुतल्या". कशात, ते कधी लिहिलं नाही, आणि धुणं आतल्या खोलीत व्हायचं म्हणून शेजारच्या टेबलालाही ते कधी दिसलं नाही. रोजच्या हाताला जे आपोआप होतं ते लिहायचं असतं हे माणसाला सुचत नाही. मी तरी कुठे लिहिते की कापड कापायच्या आधी मी ते भिजवून वाळवते? माझ्या मापाच्या वहीवरून दुसऱ्या कुणी कोट शिवला तर पहिल्याच धुण्यात आटेल. बाकीच्या सगळ्या जगाने वन्संची पद्धत वाचली, "धुतल्या" हा शब्द वाचला, आणि जसं सगळे धुतात तसं ताज्या, कोमट, भरपूर खाणं असलेल्या द्रवात तीन वेळा धुतलं.

समितीने वन्संना प्रयोग करूच दिला नाही. त्यांचा संशय हातावरच होता. दुसऱ्या विभागातल्या माणसांनी पेशी उपाशी ठेवल्या, त्यांनीच धुतल्या, त्यांनीच काचेवर ठेवल्या. आणि वन्संना म्हणाले, बसा, बघा आणि सांगा. वन्सं बसल्या. सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत बघत राहिल्या. सगळीकडे हिरवं धुकं. एकही दोरा नाही.

त्या दिवशी त्या घरी आल्या आणि चपला काढून, जागेवर नीट लावून, आत गेल्या. मी विचारलं काय झालं. म्हणाल्या, "काही नव्हतं. मी स्वतः बघितलं. काही नव्हतं."

समितीचा अहवाल आला तो मी वाचला, म्हणजे मुलीने वाचून दाखवला. फेरफार सिद्ध होत नाही, पण चित्रं भरवशाची नाहीत, निरीक्षण सदोष. खाली साक्षी होत्या. शेजारणीला विचारलं होतं, या बाईंच्या कामाच्या पद्धतीत इतरांपेक्षा वेगळं काही तुमच्या पाहण्यात आलं आहे का. तिचं उत्तर, "नाही. इतर सगळे करतात तशीच त्यांची पद्धत आहे."

आम्हाला वाटलं, ती आमच्या बाजूने बोलली. मी तिचे हात हातात घेऊन आभार मानले. कोटाची शिलाई घेतली नाही. खिशावर तिच्या नावाचं भरतकाम करून दिलं, तेही फुकट. आज ते आठवलं की माझ्या अंगाची आग होते.

वन्संना मायक्रोस्कोपवरून उठवलं. राहिलेलं दीड वर्ष त्यांनी तळघरात काचसामान धुतलं. नळाखाली, ताज्या पाण्याने, तीन वेळा, तसा नियम होता म्हणून. निवृत्तीच्या दिवशी कुणी भाषण केलं नाही. साहेब रजेवर होते.

पण नोकरीचं मी सोडून देईन. मला जे खुपतं ते दुसरंच. वन्संचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला. पहिल्या आठवड्यात मी नेहमीसारखी सुयांची उशी पुढे केली तर म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाकडून ओवून घे. माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही." मला वाटलं, रागात आहेत, जाईल. गेलं नाही. दूध उतू जातंय का ते मला बघायला सांगायच्या. रस्ता ओलांडताना, गाडी नाही ना, असं विचारायच्या, आणि समोर रिकामा रस्ता. एकदा मला म्हणाल्या, "वर्षभर मला जे दिसत होतं ते मीच बघायचं ठरवलेलं असणार. मग आयुष्यभर मी काय काय असं बघितलं असेल?"  मी चहा केला.

आणि शेजारीण येतच होती. दर रविवारी, त्याच स्टुलावर. वन्संच्या पाठीवरून हात फिरवायची. "होतं गं असं. वय झालं की डोळे फसवतात." तिनेच हट्टाने वन्संना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, माझ्या नवऱ्याला सुट्टी नव्हती म्हणून. डॉक्टर म्हणाला, डोळे ठणठणीत आहेत. तर परत येताना रिक्षात ही बाई म्हणते, "डोळे चांगले असले तरी मन आपल्याला हवं तेच दाखवतं ना." वन्सं मान हलवून हो म्हणाल्या.

अशी तीन वर्षं गेली. गेल्या महिन्यात माझी मुलगी कॉलेजातून आली आणि म्हणाली, "आई, मावशीचं नाव आलंय, मोठ्या जर्नलमध्ये." ती त्याच विषयात शिकते, मावशीमुळेच घेतला तिने तो विषय. फोन माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, मला काय कळणार त्यातलं. ती म्हणाली, "अगं, आत्याच्या दोऱ्यांवर आहे."

मशीन थांबवलं मी. म्हटलं, वाच.

तिने वाचलं आणि मला मराठीत सांगत गेली. पेशी उपाशी राहिल्या की एन्झाइम दोऱ्यांत जुळतं, तेवढ्यापुरतं बंद होतं आणि जपलं जातं. पुन्हा खाणं मिळालं की काही मिनिटांत दोरे सुटतात आणि एन्झाइम पुन्हा कामाला लागतं. आणि म्हणूनच, असं लिहिलं होतं, पूर्वी काही जणांना हे दोरे दिसले नाहीत, कारण बघण्याआधी ताज्या द्रवात धुताना ते विरघळून गेले. मग मुलगी पद्धतीच्या भागावर आली. "पेशी त्यांच्याच जुन्या, गाळलेल्या द्रवात धुतल्या आणि काचेवर अकरा मिनिटं बसू दिल्या."

अकरा मिनिटं. वन्सं काचपट्टी लावून जिना उतरून चहा प्यायला जायच्या आणि परत यायच्या, त्याला अकरा मिनिटं लागायची. दहा नाही, पंधरा नाही. हे जगात तीनच माणसांना माहीत होतं, वन्संना, शेजारणीला आणि मला.

शेवटी आभार होते. त्यात वन्संचं नाव होतं. "काचसामान स्वच्छ करून दिल्याबद्दल."

मी मापाची जुनी वही काढून पानं उलटायला लागले. मुलीला कळेना मला काय झालं. मला तो रविवार दिसत होता. वर धरलेला हात, बाहीवर लावलेला टेप. "हो का." तिला माझ्याकडूनच कळलं. समितीपुढे जाऊन "नाही" म्हणाली ती तीन दिवसांनी. वन्संना विचारलं असतं तर वन्संच्याही डोक्यात प्रकाश पडला असता, म्हणून मला विचारलं, आणि वर मला गप्प राहायला सांगितलं. आणि मी मूर्ख राहिले गप्प. केसाने गळा कापला तिने, आणि केस माझा.

हे वन्संना न सांगणं सोपं होतं. मुलगी म्हणाली, "आई, आत्या कशाला जर्नल वाचायला जाते. राहू दे." मी पण तासभर तोच विचार केला. मग उठले, वन्सं गच्चीच्या दारात भाजी निवडत बसल्या होत्या तिथे गेले आणि मुलीला म्हटलं, वाच त्यांना.

दोरे सुटतात, इथपर्यंत मुलगी आली आणि वन्संनी हात वर केला. थांब म्हणून. त्यांना पुढचं ऐकावं लागलंच नाही. "धुतल्यामुळे," त्या म्हणाल्या. "त्यांनी ताज्यात धुतल्या. अगं, त्यांनी ताज्यात धुतल्या. म्हणजे दोरे होते."

दोन मिनिटं, फार तर तीन, त्यांचा तो जुना चेहरा परत आला. मला वाटलं, आता इथेच संपावं. पण वन्सं हुशार बाई. निवडलेली भाजी बाजूला ठेवली आणि विचारलं, "हे तिला कधी कळलं?"

मी सांगितलं. सगळं, कोट, माप, बादली, "हिला विचारू नकोस". 

"आणि तू ऐकलंस तिचं," वन्सं म्हणाल्या.

"ऐकलं."

"मला एका शब्दाने विचारलं नाहीस."

"नाही."

त्या उठल्या आणि आत गेल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तेवीस वर्षांत असं पहिल्यांदा. मी त्यांना दोष देत नाही. माझ्या हातून दोन कोट उलटे कापले गेले त्या दोन दिवसांत.

तिसरा दिवस रविवार. शेजारीण आली, नेहमीसारखी, बेल न वाजवता. स्टुलावर बसली, पर्स पायाशी ठेवली. माझ्या तोंडावर सगळं दिसत असणार, कारण तिने लगेच वन्संकडे पाहिलं. वन्संनी तिला चहा दिला. दिला, हो. मी तर ओतला असता. मग समोर बसून शांतपणे विचारलं, "समितीने तुला विचारलं, तेव्हा तुला माहीत होतं?"

ती नाही म्हणाली असती तर वन्संनी मानलं असतं, असं मला अजून वाटतं. पण मी तिथे बसले होते, आणि माझ्या मांडीवर मापाची वही होती, त्या तारखेचं पान उघडलेलं.

"मला खात्री करायची होती आधी," ती म्हणाली. "नुसता अंदाज होता. मी सांगणारच होते."

"तीन वर्षं?"

"तू समजून घे ना. तुझं दीड वर्ष राहिलं होतं. तुला त्या शोधाचा काय उपयोग होता? डिग्री नाही, पुढे कुठे जायचं नाही. मला अजून बारा वर्षं काढायची आहेत तिथे. आणि मी सोडलं असतं तर साहेबांनी ढापलंच असतं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आभारात नाव घातलंय मी तिचं."

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही, मुलगी वाचेल. वन्संनी मला हाताने थांबवलं.

"शोधाचं राहू दे," त्या तिला म्हणाल्या. "शोध तू घे. तू मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलीस. तो माझ्या डोळ्यांत बॅटरी मारत होता आणि तू माझ्या बाजूला उभी होतीस. तेव्हा तुला माहीत होतं की मला बरोबर दिसतं."

तिने कप खाली ठेवला.  मग पर्स उचलली आणि गेली. जाताना जिन्यात तिचा रडण्याचा आवाज आला. येऊ दे. तिला रडायला कुणीतरी नवी शेजारीण मिळेल.

त्याच दुपारी मी समितीला पत्र लिहिलं. लिहिलं म्हणजे मी सांगितलं आणि मुलीने लिहिलं. त्यात मी स्वतःची चूकही घातली, अमुक तारखेला मीच हे सांगितलं, मापाची वही पुरावा म्हणून दाखवायला तयार आहे. पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही. साहेब आता निवृत्त झालेत, समितीतले दोघं दुसरीकडे गेलेत. येईल किंवा नाही येणार.

सही करून मी मशीनवर बसले, कारण सोमवारी सहा कोट द्यायचे होते. वन्सं शेजारणीच्या त्या स्टुलावर येऊन बसल्या, दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याजवळ.  मी सुई आणि पांढरा दोरा त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, "वन्सं, ओवून द्या."

"माझ्या डोळ्यांचं," त्यांनी सवयीने सुरुवात केली आणि वाक्य तिथेच सोडलं. सुई घेतली. चष्मा लावला नाही. दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं आणि खिडकीकडे तोंड करून एकदाच हात पुढे नेला. दोरा पहिल्याच खेपेला आरपार गेला.

सुई त्यांनी उजेडात धरली. "तीन वर्षं," त्या म्हणाल्या. "इथे बसून चहा पीत होती." आणि मग त्यांना रडू फुटलं, चौकशीत, तळघरात, निवृत्तीच्या दिवशी कधी फुटलं नव्हतं तसं. मी आधी त्यांच्या हातातली सुई काढून घेतली, टोचेल म्हणून, आणि मग त्यांना जवळ घेतलं.